विपेहोल्मची टॉफी

लहान मुलाला दातांच्या डॉक्टरकडे नेलं की डॉक्टर एक गोष्ट हमखास बजावतात. “गोड द्या, पण येता-जाता देऊ नका. आणि दाताला चिकटून बसेल असं तर नकोच.” आपण मान डोलावतो आणि घरी येतो. पण हे शहाणपण आले कोठून आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सहसा कोणी सांगत नाही. श्रोतेहो, आज तीच हकीगत सांगणार आहे.

ही गोष्ट स्वीडनची. १९३० नंतरच्या दशकात त्या देशात दातांची कीड घरोघर पोचली होती. १९३८ साली तेथील सरकारने सार्वजनिक दंतसेवा सुरू केली. पण नुसते दात भरून काय होणार? एक भरावा तोवर दुसरा किडलेला! तेव्हा कीड मुळात लागते कशाने, याचा छडा लावणे भाग होते. साखरेवर संशय होता, पुरावा मात्र पक्का नव्हता. १९४५ साली सरकारने आपल्या वैद्यक मंडळाकडे हे काम सोपवले.

आता अडचण अशी की, माणसाने वर्षानुवर्षे काय खाल्ले याचा हिशेब ठेवायचा कसा? त्यासाठी एकाच छपराखाली राहणारी, दिलेले अन्न खाणारी माणसे हवीत. तशी माणसे लुंड शहराजवळच्या विपेहोल्म संस्थेत होती. १९३५ साली उघडलेल्या या संस्थेत, ज्यांच्या बुद्धीची वाढ जन्मापासून खुंटलेली आहे अशांना ठेवीत. सरकारदरबारी त्यांच्यावर शिक्का होता ‘शिकवण्यास अपात्र’ असा. त्यांना कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्यांतल्या बहुतेकांना उत्तर देता आले नसते.

पहिली दोन वर्षे जीवनसत्त्वांचे प्रयोग झाले. १९४७ पासून साखरेची पाळी आली. कोणाला जेवणाबरोबर साखरेचे गोड पेय, कोणाला गोड पाव, कोणाला चॉकलेट. आणि काहींना दोन जेवणांच्या मध्ये टॉफी. ही टॉफी मुद्दाम चिकट बनवलेली होती. एका गटाला ती दिवसाला २४ मिळत. खर्चाचा काही भार मिठाईच्या उद्योगानेही उचलला होता. खाणाऱ्यांना काय, खाऊ मिळाला म्हणजे आनंदच! दात मात्र भराभर किडू लागले.

१९५४ साली ४३६ जणांवरील निरीक्षणांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर पुष्कळ साखर पोटात गेली तरी कीड फारशी वाढत नाही, तीच साखर चिकट रूपात येता-जाता तोंडात राहिली तर दातांचा सत्यानाश होतो, असा त्याचा निष्कर्ष. यातूनच पुढे स्वीडनमध्ये मुलांना खाऊ फक्त शनिवारी देण्याची चाल रूढ झाली, आणि आपल्या डॉक्टरांचा सल्लाही याच निष्कर्षाला धरून आहे.

ज्या १९४७ साली विपेहोल्ममध्ये टॉफी वाटायला सुरुवात झाली, त्याच वर्षी न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना एक तत्त्व घालून दिले होते : ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची राजीखुशीची संमती हवी. नाझी छळछावणी आणि विपेहोल्म यांना एका तागडीत तोलणे योग्य नव्हे. पण एक प्रश्न दोन्हीकडे उरतोच. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या वतीने ‘नाही’ कोणी म्हणायचे?

हाच प्रश्न उपचाराच्या वेळीही उभा राहतो. दात दुखला तर तुम्ही आम्ही घर डोक्यावर घेऊ. पण ज्याला बोलता येत नाही तो काय करतो? तो ताट सरकवतो, रात्रभर तळमळतो, गालावर हात मारून घेतो. भोवतालची माणसे म्हणतात, “आज भारी हट्टाला पेटलाय!” आणि कीड आत पोखरत राहते. असा माणसू आपण होऊन दवाखान्यात जाणार नाही. दवाखान्यानेच त्याच्याकडे गेले पाहिजे.

स्वीडनला हे उमगायला वेळ लागला, पण उमगले. १९९९ पासून तेथे अशी व्यवस्था आहे की, ज्यांना कायम दुसऱ्याच्या आधाराची गरज असते, त्यांच्या राहत्या जागी येऊन वर्षातून एकदा तोंड मोफत तपासण्याची सोय देऊ केली जाते. सांभाळणाऱ्यांना दात कसे घासून द्यावेत हे दाखवले जाते, आणि आवश्यक उपचार साध्या वैद्यकीय फीमध्ये होतात.

म्हणून, पुढच्या वेळी मुलाच्या हातातली टॉफी काढून घेताना विपेहोल्मची आठवण ठेवा. आणि शेजारीपाजारी असे एखादे मूल, एखादा प्रौढ असेल, तर त्याच्या घरच्यांना एवढे जरूर विचारा, “त्याचे दात शेवटचे कधी दाखवले होते?” त्या माणसांचे आपल्यावर देणे आहे. ते फेडायची सुरुवात एवढ्या साध्या प्रश्नाने होऊ शकते.