मार्टेन्सचे कलम

युद्धालाही कायदा असतो, असे मी वर्गात सांगितले की मुले हसतात. कुरुक्षेत्रावर ठरलेले नियम अठरा दिवसही टिकले नाहीत, हे त्यांस ठाऊक असते. अशा वेळी मी त्यांना एका पोरक्या मुलाची हकीकत सांगतो.

फ्योदोर मार्टेन्स १८४५ साली बाल्टिक समुद्राकाठी पार्नू गावी जन्मला. नवव्या वर्षी तो पोरका झाला. पीटर्सबर्गच्या अनाथालयात वाढला, कायदा शिकला आणि झारचा मुत्सद्दी बनला. १८९९ साली हेग येथे शांतता परिषद भरली, तीत सव्वीस राष्ट्रे होती. शत्रूने व्यापलेल्या मुलखात रयतेने शस्त्र उचलले तर तिला सैनिक मानावे की गुन्हेगार, यावर बड्या आणि लहान राष्ट्रांत वाद पेटला. मार्टेन्सने तोड काढली : जेथे लिखित नियम नाही, तेथेही रयत आणि सैनिक यांना माणुसकीचे आणि लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीचे संरक्षण राहील. लिहिलेले नाही म्हणून काहीही चालेल, असे नव्हे!

काही अभ्यासक म्हणतात, ही माणुसकी नव्हे, मुत्सद्देगिरी होती. असेलही. पण ते शब्द कराराच्या प्रास्ताविकात बसले ते बसलेच.

पार्नू आज एस्टोनिया देशात आहे, आणि याच देशावर एप्रिल २००७ मध्ये एक विलक्षण प्रसंग आला. राजधानी टॅलिनमधील सोव्हिएत सैनिकाचा पुतळा सरकारने हलवायला घेताच दंगल उसळली. त्याच सुमारास संसद, मंत्रालये, बँका, वृत्तपत्रे यांच्या संगणकांवर निरोपांचा लोंढा कोसळला. जगभरचे असंख्य संगणक, मालकांना पत्ता नसता, तीच दारे ठोठावू लागले. त्या गर्दीत खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरता येईना. सुमारे तीन आठवडे हे चालले. एस्टोनियाने रशियाकडे बोट दाखविले, रशियाने कानांवर हात ठेवले. एकही भिंत पडली नाही. मग हे युद्ध, की नुसता उपद्रव?

या प्रश्नावर विधिज्ञ बसले, आणि २०१३ साली त्यांच्या मतांचा ग्रंथ टॅलिनच्याच नावाने निघाला. युद्धात संगणकालाही जुनाच कायदा लागू, असे ते म्हणाले. मात्र एस्टोनियाचा प्रसंग युद्धाच्या पायरीस पोचला नाही. हा ग्रंथ म्हणजे करार नव्हे, केवळ जाणत्यांचे मत.

पुढे २३ डिसेंबर २०१५ रोजी, पूर्वेकडे लढाई चालू असलेल्या युक्रेनच्या पश्चिम भागात, वीज कंपनीच्या कामगारांसमोर पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद पडत गेले. ऐन हिवाळ्यात सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात होते. शेवटी माणसांनी उपकेंद्रांवर जाऊन हातांनी वीज जोडली.

वस्तू न फोडता केवळ तिचे काम थांबविणे याला कायद्याने 'हल्ला' म्हणावे काय, यावर विधिज्ञांचे आजही एकमत नाही. मला वाटते, मार्टेन्सचे कलम नेमके अशाच पोकळीसाठी आहे. थंडीत दिवा आणि शेगडी विझलेल्या घराला बाँब की बाण, हा भेद काय कामाचा? ते कलम ज्या लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीचा हवाला देते, ते लोक म्हणजे तुम्ही-आम्हीच. आपणच याला खोडी म्हणून हसून सोडले, तर त्या कलमात उरेल ती केवळ शाई.