क्ष-किरणांची शाळा

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म राँटगेन यांना एक अनोळखी किरण गवसला. वर्ष सरायच्या आत त्यांनी पत्नीच्या हाताच्या हाडांचं चित्र घेतलं आणि जानेवारी उजाडताच ही बातमी जगभर झाली. हा किरण निर्माण करायला लागणारं साहित्य मात्र मुळीच नवं नव्हतं. निर्वात काचनळी आणि इंडक्शन कॉइल या वस्तू तेव्हाच्या कुठल्याही बऱ्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत असत. त्यामुळे हा शोध डॉक्टरांइतकाच फोटोग्राफरांच्या, वीजकाम करणाऱ्यांच्या आणि हौशी प्रयोगवेड्यांच्याही हाती गेला. यंत्र आलं, गिऱ्हाईक आलं, दुकानं उघडली. शिकवणारं मात्र कोणी नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एलिझाबेथ फ्लेशमन या हिशेबनीस म्हणून काम करत. १८९६ मध्ये त्यांनी या किरणांविषयी वाचलं, विजेचं थोडं शिक्षण घेतलं, यंत्रसामग्री मिळवली आणि स्वतःची प्रयोगशाळा थाटली. स्पेन-अमेरिका युद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या शरीरातल्या गोळ्या शोधण्यात त्यांचा हात धरणारं फारसं कोणी नव्हतं. पण १९०५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, किरणांनीच झालेल्या कर्करोगाने त्यांचा बळी घेतला. त्याआधी त्यांचा एक हात कापावा लागला होता.

हात गमावण्याचं कारण त्या काळच्या कामाच्या रीतीतच होतं. नळीतून निघणारे किरण पुरेसे भेदक आहेत की नाहीत हे पाहायला मोजमापाचं साधन नव्हतं. मग चालक सरळ आपलाच हात नळी आणि चमकणाऱ्या पडद्याच्या मध्ये धरी. हाडं नीट दिसली की नळी जमली. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं. बर्मिंगहॅमच्या जॉन हॉल-एडवर्ड्स या डॉक्टरांना १९०८ मध्ये डावा हात गमवावा लागला. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये गेले, आणि एडिसननी या किरणांचं काम सोडून दिलं. पुढे १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात अशा बळींसाठी स्मारक उभं राहिलं. त्यावर सुरुवातीलाच १६९ नावं होती.

आज रेडिओग्राफीच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी किरणोत्सर्गापासून संरक्षण हा विषय येतो. वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिशाचा आडोसा, ही त्रिसूत्री तो घोकतो. या अभ्यासक्रमात आधी पुस्तक आणि मग काम असं फारच थोडं घडलं. प्रत्येक विषय कुठल्या ना कुठल्या अपघाताने, युद्धाने किंवा भांडणाने त्यात आणून बसवलेला आहे.

युद्धांचा वाटा मोठा. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीच्या डोंगरात, लष्करी डॉक्टर वॉल्टर बीव्हर यांनी क्ष-किरण यंत्र आघाडीजवळ नेऊन २०० हून अधिक जखमींची तपासणी केली. १८९८ मध्ये सुदानच्या वाळवंटात मेजर बॅटर्सबी यांना विजेचा पुरवठा कुठून करायचा हा प्रश्न पडला, तेव्हा दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीचं मागचं चाक डायनामोला जोडण्यात आलं. जवान पेडल मारत आणि बॅटऱ्या भरत. अशा मोहिमांमधून एक गोष्ट उघड झाली. डॉक्टर हाडं वाचू शकत होता. पण कॉइल, बॅटरी, नळी आणि काचेच्या फोटोप्लेटी सांभाळायला वेगळ्या हातांची गरज होती.

ते हात पहिल्यांदा पद्धतशीर घडवले ते मादाम क्युरींनी. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा फ्रान्समधली क्ष-किरण यंत्रं शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत होती आणि जखमी आघाडीवर. क्युरींनी मोटारी मागून आणल्या, त्यांच्या इंजिनावर डायनामो बसवला आणि गाडीतच यंत्र व अंधाऱ्या खोलीचं साहित्य घातलं. सैनिक या गाड्यांना प्रेमाने ‘छोट्या क्युरी’ म्हणत. अशा सुमारे २० गाड्या आणि सुमारे २०० कायमची केंद्रं त्यांनी उभी केली. पण गाडीत बसून यंत्र चालवणार कोण? तंत्र जाणणारे पुरुष सैन्यात होते. तेव्हा १९१६ पासून पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये बायकांसाठी वर्ग सुरू झाले.

हा वर्ग काही आठवड्यांचा असे. वीज आणि क्ष-किरणांचं सिद्धान्तज्ञान, शरीररचनाशास्त्र आणि यंत्रावरचा प्रत्यक्ष सराव, एवढा त्याचा आवाका. शिकायला येणाऱ्यांमध्ये परिचारिका होत्या, तशाच घरकाम करणाऱ्या आणि सुखवस्तू घरांतल्या बायकाही होत्या. शिकवणाऱ्यांमध्ये क्युरींची विशीही न गाठलेली मुलगी इरेन होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे १५० जणी तिथून तयार झाल्या. त्यांनी शिकलेले तीन विषय, म्हणजे भौतिकशास्त्र, शरीररचना आणि प्रात्यक्षिक, आजच्या पदवीच्या पहिल्या वर्षातही जसेच्या तसे उभे आहेत. या सगळ्या अनुभवावर क्युरींनी १९२१ मध्ये एक पुस्तकही लिहिलं.

अमेरिकेत शिक्षणाची सुरुवात कारखान्याच्या दारातून झाली. यंत्र विकलं जाई, पण ते चालवता न आल्याने गिऱ्हाईक तक्रार करी. म्हणून व्हिक्टर एक्स-रे कंपनीने १९१७ मध्ये एड जर्मन नावाच्या अनुभवी गृहस्थांना शिक्षण विभागाचे प्रमुख नेमलं. जर्मन यांनी चांगल्या चित्राचे चार निकष ठरवून दिले: काळेपणाची घनता, छटांमधला फरक, तपशील आणि आकाराची विकृती. तोवर ‘फोटो बरा आलाय’ एवढंच म्हणणाऱ्या चालकाच्या हाती आता तपासणीची फूटपट्टी आली. त्यांच्याच पुढाकाराने १९२० मध्ये तंत्रज्ञांची संघटना स्थापन झाली आणि १९२२ मध्ये परीक्षा घेऊन नोंदणी करण्याची पद्धत सुरू झाली. पहिलं प्रमाणपत्र मिळालं ते ओक्लाहोमातल्या सिस्टर मेरी बिॲट्रिस मेरिगन या जोगिणीला.

ब्रिटनमध्ये याच सुमारास, १९२० मध्ये, सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स स्थापन झाली. तिथे वादाला तोंड फुटलं ते दुसऱ्याच मुद्द्यावर. चित्र काढणाऱ्याने त्यावर मत द्यायचं की नाही? अनेक जुन्या चालकांना चित्र वाचता येत होतं आणि ते तसं लिहूनही देत. क्ष-किरणांत पारंगत झालेल्या डॉक्टरांना ते मान्य नव्हतं. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांनी बाजी मारली. अहवाल डॉक्टर लिहील, रेडिओग्राफर चित्र काढील, अशी वाटणी ठरली. ब्रिटिश अमलातल्या वसाहतींमध्येही मग हीच वाटणी रुळली. भारतातली क्ष-किरण खोली आजही तिच्यावरच चालते.

वाचण्याचा हक्क गेला, तसं काढण्याचं कौशल्य मात्र शास्त्र म्हणून उभं राहिलं. त्याचं श्रेय बऱ्याच अंशी कॅथलीन क्लार्क यांना जातं. सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. इल्फर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या लंडनमधल्या रेडिओग्राफी विभागाचं काम त्यांनी सांभाळलं. १९३९ मध्ये त्यांचा ‘पोझिशनिंग इन रेडिओग्राफी’ हा ग्रंथ आला. खांद्याचा फोटो घ्यायचा तर रुग्णाने कुठे बसायचं, कोपर किती वाकवायचं, नळीचा कोन किती आणि मधला किरण शरीराच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर टाकायचा, हे सगळं त्यात छायाचित्रांसह होतं. लेखिकेच्या मृत्यूनंतरही नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी या ग्रंथाचं नाव नुसतं ‘क्लार्क’ एवढंच असतं.

भारतात मोठी सुरुवात मद्रासला झाली. कॅप्टन टी. डब्ल्यू. बर्नार्ड यांच्या प्रयत्नांतून सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये क्ष-किरणांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. १९३४ मध्ये सुरू झालेली ही बर्नार्ड इन्स्टिट्यूट आशियातल्या या विषयाच्या सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. पण देश मोठा आणि संस्था मूठभर. बहुतेक रुग्णालयांत काम जुन्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करूनच शिकलं जाई. पहिली दोन-तीन वर्षं डार्करूममध्ये जात. लाल दिव्याच्या उजेडात हॅंगरला फिल्म अडकवायची, ती डेव्हलपरमध्ये बुडवायची, धुवायची, फिक्सरमध्ये टाकायची, पुन्हा धुवायची आणि वाळत घालायची. डेव्हलपर थंड पडला तर वेळ किती वाढवायचा हे पुस्तकात असे, पण प्रत्यक्षात ते बोटांनाच कळे.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलायला क्षयरोग कारण झाला. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर क्षयाची पाहणी केली. फिरत्या गाड्यांमधल्या यंत्रांनी छातीचे छोट्या आकाराचे फोटो घेण्यात आले. पाहणीचा आवाका सुमारे ३ लाख माणसांचा होता. १९५९ मध्ये बंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला. जिल्हा क्षयरोग केंद्रात डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्याबरोबर क्ष-किरण तंत्रज्ञाचीही जागा ठरली आणि ही सगळी चमू एकत्र प्रशिक्षणासाठी बंगळुरूला जाऊ लागली. त्यामुळे मोठ्या शहरांत घडणारा हा व्यवसाय जिल्ह्याच्या गावी, सरकारी नोकरीच्या शिडीवर पोचला.

त्याच काळात मुंबईत एक वेगळी शाखा फुटली. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. इथे किरण बाहेरून टाकायचे नव्हते. किरणोत्सारी औषध रुग्णाला देऊन त्याच्या शरीरातून येणारे किरण टिपायचे होते. या कामासाठी तिथे तंत्रज्ञांना समस्थानिकांच्या वापराचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. आजच्या पेट-स्कॅनच्या खोलीत उभा असलेला तंत्रज्ञ याच घराण्यातला.

नंतरची यंत्रं झपाट्याने आली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला. १९८० च्या दशकात एमआरआय रुग्णालयांत रुळला. डिजिटल पद्धतीने डार्करूमला कुलूप लावलं आणि डेव्हलपर-फिक्सरचे धडे क्रमिक पुस्तकांच्या मागच्या पानांवर गेले. त्यांच्या जागी आडव्या छेदांचं शरीरशास्त्र आलं, चुंबकीय क्षेत्राचे धोके आले आणि संगणकावरच्या चित्रांची साठवण आली.

सोनोग्राफीचं मात्र भारतात वेगळंच झालं. ब्रिटनमध्ये सोनोग्राफी करणाऱ्यांत रेडिओग्राफरच मोठ्या संख्येने आहेत. इथे स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रश्नाने वाट बदलली. गर्भलिंगतपासणीवर कायद्याने बंधन घालणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, साल १९८८. १९९४ मध्ये देशव्यापी कायदा झाला. त्यामुळे ही यंत्रं हाताळण्याचा अधिकार ठरावीक अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांपुरता राहिला. तंत्रज्ञ यंत्राचं भौतिकशास्त्र शिकतो, पण गरोदर बाईच्या पोटावर प्रोब ठेवत नाही.

किरणांच्या मापाची शिस्तही याच मुंबईतून चालते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्यालय अणुशक्तीनगरला आहे. क्ष-किरण यंत्र चालवणारी व्यक्ती अर्हताप्राप्त असावी, तिच्या छातीवर किरणांची मात्रा नोंदणारा टीएलडी बॅज असावा आणि तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जावा, असा नियम आहे. वार्षिक मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० हून अधिक नाही. नळीपुढे हात धरणाऱ्या पिढीला हे माप मिळालं असतं तर हॅम्बुर्गच्या दगडावरची यादी बरीच आखूड झाली असती.

शिक्षणाची घडी मात्र अनेक दशकं राज्यागणिक वेगळी राहिली. कुठे एका वर्षाचं प्रमाणपत्र, कुठे दोन वर्षांची पदविका, कुठे पदवी. महाराष्ट्रात नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये आलं. त्याच्या पॅरामेडिकल पदवीत तीन वर्षांचं शिक्षण आणि वर्षाची आंतरवासिता आहे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात वैद्यकीय प्रतिमा आणि किरणोपचार तंत्रज्ञानाला स्वतंत्र गट मिळाला. पदविकेच्या पातळीला किमान २००० तास, पदवीच्या पातळीला तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तास शिक्षण आणि राज्य परिषदेत नोंदणी, अशी चौकट ठरली.

१९२० च्या दशकातला वाद ब्रिटनमध्ये तोवर उलटा फिरला होता. तिथे १९९० च्या दशकापासून पदव्युत्तर प्रशिक्षण घेतलेले रेडिओग्राफर हाडांच्या आणि छातीच्या चित्रांचे अहवाल स्वतः लिहू लागले. भारतात अहवालाखाली सही डॉक्टरांचीच असते.