छावणी कुठे उभी करायची, हे कोण ठरवतं?

28 फेब्रुवारी 2025. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सकाळी सकाळी हिमस्खलन झालं. सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा बर्फ हटवणारे 54 कामगार कंटेनरमध्ये राहत होते. ते बर्फाखाली सापडले. 46 जण वाचले, 8 जण गेले.

बातमी दोन-तीन दिवस चालली, मग आपण सगळेच विसरलो. पण तिच्यातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. चंदीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्याच दिवशी चमोलीसह उंचावरच्या भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता!

आता आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. म्हणून हे होतं कसं, ते आधी सांगतो. डोंगरावर प्रत्येक हिमवर्षावाचा वेगळा थर बसतो. मधला एखादा थर जाड्या साखरेसारखा सुटा राहतो, त्याचे कण एकमेकांना धरत नाहीत. त्यावर भराभर नवा बर्फ पडला, वाऱ्याने आणून टाकला किंवा हवा एकदम उबदार झाली, की वरचा अख्खा थर घसरतो. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर हा धोका सगळ्यात जास्त. म्हणजे कडा कोणत्या मिनिटाला सुटेल ते कळत नसलं, तरी कोणत्या उताराखाली झोपू नये, हे कळतं.

आणि हे काही आजच कळलेलं नाही. पहिल्या महायुद्धात आल्प्समध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीचं सैन्य समोरासमोर होतं. मार्मोलाडा डोंगरावर ऑस्ट्रियाच्या सैन्याने लाकडी बराकी बांधल्या. इटलीच्या तोफांपासून जागा सुरक्षित, पण डोक्यावर बर्फाचा उतार. तिथला कॅप्टन रुडॉल्फ श्मिड याने ही जागा धोक्याची आहे, आम्हाला हलवा, असं वरिष्ठांना लिहून कळवलं. वरिष्ठांनी ऐकलं नाही. नंतर प्रचंड बर्फ पडला, मागोमाग हवा उबदार झाली आणि 13 डिसेंबर 1916 च्या पहाटे कडा सुटला. 270 च्या आसपास सैनिक झोपेतच गाडले गेले. इतिहासात याला ‘पांढरा शुक्रवार’ म्हणतात. खरं तर तो बुधवार होता. मेलेल्यांचा वारसुद्धा नीट लक्षात राहिला नाही, बघा.

उलट उदाहरणही आहे. 1951 च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी 98 माणसं मारली. त्यांनी नुसता शोक केला नाही. गावोगावचे धोक्याचे नकाशे केले. लाल पट्ट्यात नवं घर बांधायला बंदी घातली, उतारांवर बर्फ अडवणारे मजबूत अडथळे उभारले. 1999 मध्ये पुन्हा तसाच भयंकर हिवाळा आला. वस्ती आणि पर्यटक कितीतरी वाढलेले असूनही बळी 17 वर राहिले. एक जीव गेला तरी वाईटच, पण 98 आणि 17 मधला फरक देवाने केला नाही, नियमाने केला.

माणाचा रस्ता सीमेवरचा आहे, तो उघडा ठेवावाच लागतो, हे मान्य. बर्फ हटवायला माणसं जाणारच. पण काम कुठे करायचं हे सीमा ठरवते, झोपायचं कुठे हे आपण ठरवतो. मार्मोलाडावर ज्याला धोका दिसत होता त्याच्या हातात निर्णय नव्हता, आणि ज्याच्या हातात निर्णय होता तो त्या बराकीत झोपत नव्हता. शंभरहून जास्त वर्षांनी आपला इशारा चंदीगडहून वेळेत निघतो, ही मोठी गोष्ट आहे. आता तो कंटेनरमधल्या मजुराला त्याच्या भाषेत त्याच संध्याकाळी कळला पाहिजे. आणि वरून परवानगी यायची वाट न बघता माणसं हलवण्याचा अधिकार तिथल्या मुकादमाला पाहिजे.

मागणी एवढीच आहे. जास्त आहे का, तुम्हीच सांगा.