शुक्रवारी चढविलेले भांडे

आमच्या धर्मग्रामातील एका आजींना परदेशी असलेल्या मुलाने विजेवर चालणारे 'स्लो कुकर' नावाचे भांडे पाठविले. त्यांच्या नातवाला दूध सोसत नाही. दही, लोणी, तूप सारेच वर्ज्य. आपला नेहमीचा मटणाचा रस्सा या भांड्यात आणि दह्यावाचून कसा साधावा, असे त्यांनी मिस्सानंतर आम्हाला विचारले. पाककला हा आमचा विषय नव्हे. परंतु त्या प्रश्नामागोमाग आम्ही इतिहासाच्या पुस्तकांकडे वळलो आणि तेथे जे हाती लागले ते वाचकांपासून लपवून ठेवणे आम्हाला योग्य वाटले नाही.

शब्बाथ दिवशी घरात विस्तव पेटवू नये, अशी आज्ञा निर्गमच्या 35व्या अध्यायात आहे. मग शनिवारी ऊन अन्न मिळावे कसे? यहुदी गृहिणी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच भांडे तयार करीत आणि त्याची ऊब टिकेल अशा रीतीने ते झाकून ठेवीत. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात, असे भांडे कशात गुंडाळावे व कशात गुंडाळू नये याची अध्यायभर चर्चा आहे. कपडे, कबुतराची पिसे, सुताराच्या कामाचा भुसा यांचाही तेथे विचार केलेला आढळतो. मोठमोठ्या धर्मपंडितांनी भुशासाठी वेळ द्यावा, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञाही निर्गममधलीच. मांस आणि दूध यांचा संयोग कधीच होऊ नये, असा तिचा अर्थ यहुदी परंपरेने लावला. साहजिकच शब्बाथच्या मांसाच्या भांड्यात दुधाचा थेंबही पडत नसे. आजींच्या दोन्ही अडचणी अशा रीतीने एकाच भांड्यात फार पूर्वी सुटलेल्या होत्या.

स्पेनमध्ये या अन्नाला 'अदाफिना' म्हणत. 'पुरणे, झाकणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून हा शब्द आला. काबुली चणे, मांस, कांदे, अंडी असा त्याचा थाट असे. 1391च्या दंगलींत हजारो यहुदींनी जिवाच्या भयाने बाप्तिस्मा घेतला. पुढे 1478 साली पोप चौथे सिक्स्तस यांच्या संमतीने तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले आणि चौकशी थेट चुलीपर्यंत पोहोचली. शनिवारचे अन्न शुक्रवारी शिजवून ठेवणे ही पाखंडाची एक खूण ठरली. शेजारणी आणि मोलकरणी साक्षीला उभ्या राहिल्या. आंद्रेस बेर्नाल्देस या इतिवृत्तकाराने तर नवख्रिस्ती लोक डुकराच्या चरबीऐवजी तेलात मांस शिजवितात, म्हणून त्यांच्या घरांना वास येतो, असे तिरस्काराने लिहून ठेवले आहे. हे बेर्नाल्देस लोस पालासिओस गावचे धर्मगुरू होते. धर्मग्रामाची सेवा करणारा, घरोघरी जाऊन जेवणारा, आमच्यासारखाच माणूस! त्यांचे ते वर्णन आम्हाला सुखाने वाचता आले नाही. अशा साक्षींवरून कित्येकांची मालमत्ता गेली, काही जिवंत जाळले गेले. शिक्षेची अंमलबजावणी राजसत्ता करी, हे खरे; पण त्याने आमचे हात स्वच्छ होत नाहीत. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या वतीने जी क्षमायाचना केली, तीत इस्राएलच्या लोकांविरुद्ध घडलेल्या पापांचा स्वतंत्र उल्लेख होता. याच खटल्यांच्या कागदपत्रांतून गिटलिट्झ व डेव्हिडसन या दांपत्याने त्या घरांतील पाककृती पुन्हा जुळविल्या. त्यांचे पुस्तक 1999 साली निघाले.

आणि हे सारे दूर देशी घडले असेही नाही. गोव्यात हे न्यायासन 1560 साली आले. मुंबई बेट ज्यांच्याकडे खंडाने होते त्या गार्सिया द ओर्ता या नवख्रिस्ती वैद्याच्या अस्थी 1580 साली तेथे उकरून जाळण्यात आल्या.

गंमत अशी, की त्याच शतकांत उपवासकाळात दूध, लोणी आणि अंडी आमच्या ख्रिस्तसभेलाही निषिद्धच होती. युरोपातील संपन्न घरांत तेव्हा बदामाचे दूध वापरीत.

यहुदींचे हे भांडे पूर्व युरोपात 'चोलंत' झाले. शुक्रवारी ते गावच्या भटारखान्यात नेऊन ठेवीत आणि भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजे. लिथुआनियातून आलेल्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून ही हकिकत ऐकलेल्या अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन यहुदी संशोधकाने विजेचे भांडे घडविले. त्याचे एकस्व त्यांना 1940 साली मिळाले. 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला आणि पुढच्याच वर्षी तेच भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. आजींचे भांडे याच कुळातले.

आता त्यांच्या रश्श्याविषयी. दह्याला पर्याय शोधायला विलायतेस जाण्याचे कारण नाही. आपल्या कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणत, ते मांसाच्या कालवणात नारळाचे दूध घालीत आले आहेत. या भांड्यात वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणून पाणी नेहमीपेक्षा कमी घालावे. झाकण वारंवार उघडू नये, उष्णता जाते. राजमा घालायचा असल्यास आधी भिजवून, ते पाणी टाकून, निराळ्या भांड्यात दहा मिनिटे खळखळून उकळावा. मंद आचेने त्यातील विषारी अंश नाहीसा होत नाही. नारळाचे दूध फार वेळ तापले तर फाटते, म्हणून ते शेवटच्या अर्ध्या तासात घालावे.

हे सारे आम्ही आजींना वाचून दाखविले. स्पेनची हकिकत ऐकताना त्या गप्प होत्या. नारळापाशी आल्यावर मात्र म्हणाल्या, "जाड दूध शेवटी घालायचं, हे आता तुम्ही आम्हाला शिकवणार का, फादर?"