शिकाऱ्याचे धनुष्य आणि सैनिकाचे धनुष्य



११ ऑक्टोबर १९८२ चा दिवस मला चांगला आठवतो. इंग्लंडात येऊन मला फार दिवस झाले नव्हते व माझे नर्सिंगचे शिक्षण चालू होते. रात्रपाळी संपवून आम्ही साऱ्या मुली होस्टेलच्या दिवाणखान्यात टेलिव्हिजनसमोर बसलो होतो. पोर्टस्मथजवळ समुद्राच्या तळातून 'मेरी रोज' हे जुने लढाऊ जहाज वर काढण्यात येत होते. १९ जुलै १५४५ रोजी हे जहाज बुडाले, तेव्हा राजा आठवा हेन्री किनाऱ्यावरून पाहत होता. जहाज पाण्याबाहेर येत असता लोखंडी चौकटीचा एक कोपरा धाडकन खाली घसरला आणि आम्ही सगळ्या एकदम ओरडलो. सुदैवाने जहाज वाचले.

त्या जहाजातून सव्वाशेहून अधिक अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांच्या वर बाण निघाले. आज ती पोर्टस्मथच्या संग्रहालयात मांडलेली आहेत. निवृत्त झाल्यावर मी माझ्या नातवाला घेऊन ती पाहायला गेले. पोरगा सतरा वर्षांचा. इथल्या एका क्लबात तिरंदाजी शिकतो. माणसाच्या उंचीची ती धनुष्ये पाहून तो म्हणाला, "आजी, याच्यापुढे हरणाचं काय चालणार!" मग हळूच त्याने मनातली गोष्ट सांगितली. त्याच्या एका मित्राचे काका अमेरिकेत असतात. तिकडे धनुष्याने हरणाची शिकार करण्यास कायद्याने परवानगी आहे. पुढच्या वर्षी त्यांनी याला बोलावले होते, आणि कोणते धनुष्य, कोणते बाण घ्यावेत याचा विचारही त्याने सुरू केला होता. धनुष्य जितके जबर तितके चांगले, असे त्याचे मत.

मी त्याला तिथे काहीच उत्तर दिले नाही. परंतु मला अलिबागेजवळच्या आमच्या गावचा एक कातकरी म्हातारा आठवला. तो तिरकमठा घेऊन आमच्या वाडीच्या कडेने डोंगराकडे जाई. एकदा माझ्या थोरल्या भावाने त्याला विचारले, "बाबा, याहून मोठा का नाही करत?" म्हातारा हसून म्हणाला, "जो ओढताना हात कापतो तो काय कामाचा?" तेव्हा त्याचा अर्थ आम्हां मुलांना कळला नाही. नातवाला काय सांगावे म्हणून मी पुस्तके चाळू लागले आणि म्हाताऱ्याचे तेच बोलणे मला सहाशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच सरदाराच्या ग्रंथात भेटले. तेच आज वाचकांपुढे ठेवते.

प्रथम 'मेरी रोज'वरची धनुष्ये घेऊ. ती शिकारीची नव्हेत, लढाईची. ती ओढण्यास सुमारे १०० ते १८० पौंडांचा जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जहाजावर सापडलेल्या सांगाड्यांचा अभ्यास ॲन स्टर्लंड या बाईंनी केला. खांद्याच्या फऱ्याच्या टोकाशी हाडाचा जो तुकडा वयाच्या विशीच्या सुमारास एकजीव व्हायचा, तो या माणसांपैकी पुष्कळांत सुटाच राहिलेला त्यांना आढळला. लहानपणापासून जड धनुष्ये ओढल्याचा हा परिणाम असावा असे त्यांनी सुचवले. आम्ही परिचारिकांनी रोग्यांचे खांदे पुष्कळ हाताळलेले असतात. तेव्हा ही गोष्ट वाचून माझा स्वतःचाच हात खांद्याकडे गेला.

सैनिकाला हा जोर हवा होता, कारण त्याला दूरवरच्या, चिलखत घातलेल्या शत्रूवर एकामागून एक बाण सोडायचे असत. नेम एका माणसावर नसून जमावावर असे. शिकाऱ्याचे काम अगदी उलटे. फ्रान्समधील फॉ येथील काउंट गास्तों फेब्यूस याने १३८७ ते १३८९ या काळात शिकारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, शिकारीचे धनुष्य यू किंवा बॉक्स या झाडाच्या लाकडाचे असावे, पण फार कडक नसावे. हरीण टप्प्यात येईपर्यंत शिकाऱ्याला दोरी ओढून, न हलता उभे राहावे लागते. धनुष्य जड असेल तर हात थरथरतो, हालचाल दिसते आणि हरीण निसटते. पाहा, आमचा कातकरी दुसरे काय सांगत होता? गास्तों आणखी म्हणतो की, धनुष्याच्या शिकारीचे अधिक ज्ञान हवे असेल त्याने इंग्लंडात जावे, कारण ती विद्या इंग्रजांचीच. इंग्लंडात त्या ग्रंथाचे भाषांतर यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने १४०६ ते १४१३ च्या दरम्यान केले व त्यात आपली भर घातली. हा ड्यूक पुढे १४१५ साली आझँकूरच्या लढाईत पडला.

त्या काळची शिकार आपल्याकडील हाक्याच्या शिकारीसारखीच असे. तिरंदाज झाडांना पाठ लावून उभे राहत, आणि हाकारे व कुत्रे हरणांना त्यांच्या रोखाने हाकलीत. बाण जवळून सोडायचा असल्यामुळे दूरवर फेकणाऱ्या धनुष्याची गरजच नसे.

धनुष्याच्या लाकडात यू सर्वश्रेष्ठ का, हेही समजून घेण्यासारखे आहे. या झाडाच्या खोडात आत तांबूस गाभा आणि बाहेर पांढरट थर असतो. गाभा दाब सोसतो, तर बाहेरचा थर ताण सोसतो. कारागीर दोन्ही मिळून एकच काठी काढतो. गाभा तिरंदाजाच्या बाजूस व पांढरा थर बाहेरच्या बाजूस ठेवतो. दोन निरनिराळी लाकडे जोडल्याचे काम एकाच काठीत होते. ही ओळख इथल्या लोकांना फार पूर्वीची. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात रॉटन बॉटम नावाच्या दलदलीत १९९० साली सापडलेले यूचे मोडके धनुष्य सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे आहे. पुढे चांगल्या यूचा तुटवडा पडला, तेव्हा १४७२ च्या कायद्याने परदेशाहून माल आणणाऱ्या जहाजांवर दर टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणण्याची सक्ती झाली. आपल्याकडे भिल्लांनी बांबूचे धनुष्य केले आणि दोरीही बांबूच्याच चिपेची लावली. ज्या मुलखात जे झाड चिवट, त्याचेच धनुष्य.

धनुष्य ज्याचे त्याच्या अंगाजोगे असावे, हा धडा इंग्रज मुलांना घरीच मिळे. बिशप ह्यू लॅटिमर यांनी १५४९ साली राजापुढे केलेल्या प्रवचनात आपल्या लहानपणाची आठवण सांगितली आहे. वडील त्यांच्या वयाप्रमाणे व ताकदीप्रमाणे धनुष्य विकत घेत आणि मुलगा वाढेल तसे मोठे धनुष्य देत. बाणांविषयी रॉजर ॲस्कम या विद्वानाने 'टॉक्सॉफिलस' या पुस्तकात विस्ताराने लिहिले. ते 'मेरी रोज' बुडाली त्याच १५४५ साली छापले गेले. बाणाच्या दांडीसाठी तो निरनिराळी पंधरा लाकडे मोजून दाखवतो आणि पिसांमध्ये गूज पक्ष्याच्या पिसांना पहिला मान देतो. गूज म्हणजे आपल्या बदकाचा थोरला भाऊ.

बाण धनुष्याला साजेसा हवा. दोरी सुटते त्या क्षणी दांडी किंचित वाकते, धनुष्याला वळसा घालते आणि मग सरळ होते. दांडी फार लवचीक असली किंवा फार ताठ असली तर बाण एका बाजूला जातो. मोठ्या जनावरासाठी बाण जरा वजनदार घेतात, कारण हलका बाण वेगाने निघाला तरी अंगात शिरताना त्याचा जोर लवकर संपतो. लढाईच्या बाणाला पुष्कळदा खिळ्यासारखे निमुळते टोक असे. शिकारीच्या बाणाला मात्र रुंद, दोन्ही कडांना धार असलेले पाते लावीत. रुंद पात्याला वारा लागून बाण भरकटतो, म्हणून त्याच्या मागे पिसेही मोठी लावावी लागतात.

रुंद पाते कशासाठी? इथे माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीतील अनुभव कामी आला. बंदुकीची गोळी धक्क्याने आजूबाजूचेही मांस फाडते. बाणात तो धक्का नाही. बाणाने जनावर मरते ते रक्तस्रावाने. अपघात विभागात काम केलेल्या कोणत्याही परिचारिकेला विचारा. चिरडलेल्या जखमेत रक्तवाहिन्यांची तोंडे आक्रसतात आणि रक्त लवकर गोठते, पण धारदार पात्याने स्वच्छ कापलेली जखम वाहत राहते. म्हणून बोथट पाते हे दुबळ्या धनुष्याहूनही वाईट. बाण फुप्फुसांतून गेला तर हरीण थोड्याच वेळात कोसळते. तोच पोटात लागला तर ते रानात जाऊन तासन्‌तास, कधी त्याहूनही अधिक तडफडते. जुने शिकारी सांडलेले रक्त पाहून जखम ओळखीत. रक्त तांबडे व फेसाळ असेल तर फुप्फुस, काळसर असेल तर यकृत. मग वासावर माग काढणारा कुत्रा दोरीला धरून जखमी जनावर शोधीत.

धारेची ही बाब आपल्या लोकांना निराळी सांगायला नको. शोहेत आपली सुरी नखावर फिरवून पाहतो आणि तिला बारीकशी खाच असली तरी ती वापरीत नाही. एसावाला त्याच्या बापाने भाता व धनुष्य घेऊन रानात धाडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तरी बाणाने मारलेले हरीण आपल्या ताटात येत नाही. पण जीव घ्यायचा तर हत्याराला खोट नको, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे.

विसाव्या शतकात ही गोष्ट एका डॉक्टरने अनुभवली. कॅलिफोर्नियातील शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांच्याकडे ईशी नावाचा रुग्ण होता. याही जमातीचा तो शेवटचा माणूस. १९११ साली तो रानातून बाहेर आला आणि १९१६ साली क्षयाने वारला. डॉक्टरांनी त्याला औषध दिले आणि त्याने डॉक्टरांना तिरंदाजी शिकवली. ईशीचे धनुष्य आखूड, साधारण पंचेचाळीस पौंडांच्या आसपासचे होते. 'मेरी रोज'च्या धनुष्याच्या निम्म्यानेही नाही. पण तो दबकत हरणाच्या अगदी जवळ जाई. त्याचे खरे बळ त्याच्या पावलांत आणि धीरात होते.

तरीही चूक होते. २ ऑगस्ट ११०० रोजी राजा दुसरा विल्यम न्यू फॉरेस्टमध्ये शिकारीत बाण लागून मेला. १६२१ साली कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज ॲबट यांनी हरणावर क्रॉसबो सोडला तो रानाच्या राखणदाराला लागला आणि तो बिचारा मेला. जिथे माणसाच्या बाबतीत अशी चूक होते, तिथे हरणाच्या बाबतीत किती झाल्या असतील त्या कोणी लिहून ठेवल्या आहेत? इंग्लंड व वेल्समध्ये १९६३ च्या कायद्याने हरणांवर बाण वापरण्यास बंदी झाली आणि १९८१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये कोणतेही रानटी जनावर धनुष्याने मारणे गुन्हा ठरले. ज्या देशाने जगाला ही विद्या शिकवली, त्यानेच ती नेमाच्या फळीपुरती ठेवली. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवरच बंधने आली.

हे सारे मी नातवाला सांगितले. जाऊ नकोस, असे मी म्हणाले नाही. सतराव्या वर्षी तसे सांगण्याचा काय उपयोग होतो हे मी आई म्हणून शिकले आहे. एवढेच म्हणाले, "धनुष्य निवडताना तुझा दंड बघू नकोस. थंडीत, धडधडत्या काळजाने, ओढलेली दोरी किती वेळ न कापता धरवते ते बघ. पात्याची धार बघ. आणि नेम खात्रीचा नसेल तर बाण परत भात्यात घालण्याची तुझी तयारी आहे का, ते आधी बघ." पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजी, तो म्हातारा कधी बाण न सोडता परत यायचा का?"

मी म्हटले, "बाळा, पुष्कळदा यायचा. रिकाम्या हाताने आला, तरी आई त्याला पाणी आणि भाकर द्यायची."