रेडिओ कुणाचा? लायसन्सपासून प्रसार भारतीपर्यंत

करंजाड्याहून मी बोलतोय. आजचा विषय आहे सार्वजनिक प्रसारण.

आकाशवाणीला आपण सर्रास ‘सरकारी रेडिओ’ म्हणतो. पण सरकारी वेगळं आणि सार्वजनिक वेगळं. फरक कळायचा तर पैसा कुठून येतो आणि कारभार कोण बघतं, हे दोन्ही तपासावं लागतं.

सुरुवात खासगी होती. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. रेडिओ ठेवायला वर्षाला १० रुपयांचं लायसन्स, त्यातले ८ कंपनीला. पण १९२९ संपताना अख्ख्या देशात आठ हजार लायसन्सही नव्हती. कंपनी बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारनं कारभार हाती घेतला आणि ऑक्टोबर १९३१ मध्ये खर्च झेपत नाही म्हणून बंद करायचं ठरवलं. त्यावर लोकांनी एवढी ओरड केली, की नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. मला विचाराल तर आपल्याकडच्या सार्वजनिक प्रसारणाचा खरा जन्म हाच!

लायसन्सवर बीबीसीही उभी राहिली. पण १९२७ पासून ती सनदेवर चालणारी वेगळी संस्था झाली. आपल्याकडे मात्र रेडिओ सरकारी खातंच राहिला.

तरी त्या खात्यानं मोलाचं काम केलं. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं आसपासच्या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळं काढली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची, अडलेलं केंद्राला कळवायचं. जाहिरातीच्या हिशेबात असला कार्यक्रम कधी बसला असता का?

दुसरी बाजू आणीबाणीत दिसली. खातं सरकारचं, म्हणून आवाजही सरकारचाच. म्हणून १९७८ मध्ये वर्गीस समितीनं स्वायत्त न्यासाची शिफारस केली. प्रसार भारती कायदा संमत झाला १९९० मध्ये, आणि लागू कधी झाला? १५ सप्टेंबर १९९७ ला. मधली सात वर्षं तो कागदावरच होता. त्याच काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं.

लायसन्स तर १९८०च्या दशकातच गेलं. आज प्रसार भारतीचा मोठा खर्च केंद्राच्या अनुदानावर चालतो. पैसा आपलाच, करातून गेलेला. पण तो सरकारच्या हातून फिरून येतो. पूर्वी श्रोता थोडा का होईना, थेट पैसे देत होता. आता त्याचा धागा तुटलाय. कायद्यानं संस्था वेगळी झाली, तरी तिच्या खर्चाची चावी सरकारकडेच आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘सरकारी रेडिओ’ म्हणताना थोडं थांबा. १९३१ साली तो वाचवला होता ऐकणाऱ्यांनी.

घरी रेडिओच्या लायसन्सचं जुनं पुस्तक सापडलं, तर जपून ठेवा. आणि आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!