सेगाव, शेगाव आणि वाट शोधणारी यंत्रं

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तोही पन्नाशीच्या घरात आहे. एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघतो. वर्ध्याला मुख्य कचेरी आणि हिंगणघाट, आर्वीला एकेक शाखा. या तिन्ही जागा एकमेकींना जोडायच्या आणि एखादी लाइन तुटली तरी काम अडू द्यायचं नाही, असं त्याला सांगितलेलं. चहा येईपर्यंत त्यानं कागदावर एक त्रिकोण काढून मला दाखवला.

"पण सर, गाडी वेगळ्याच ठिकाणी अडली. हिंगणघाट नं आर्वी, दोन्ही जागी मशीनचे नंबर एकच आहेत! दोन्हीकडे १९२.१६८.१ नंच सुरू होतात. शाखा वेगवेगळ्या होत्या तोवर चाललं. आता जोडायचं म्हटलं तर निरोप कोणत्या गावचा, तेच राउटरला समजत नाही."

मला हसू आलं. म्हटलं, "अरे, हे तर आपल्या सेगावचं झालं!"

तो बघतच राहिला. त्याला जे सांगितलं तेच आज इथे लिहितो आहे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरचं हे खेडं, जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतलं. रेल्वे नाही, धड रस्ता नाही. पण गांधीजी तिथे गेले आणि त्यांच्यामागे देशभरची, परदेशातलीसुद्धा, टपाल त्या खेड्याच्या दिशेनं निघाली. घोटाळा झाला तो इथेच. कारण शेगाव नावाचं दुसरं गाव आधीपासून होतं. बुलढाणा जिल्ह्यातलं, गजानन महाराजांचं. त्याला रेल्वे स्टेशन होतं आणि नावही मोठं होतं. इंग्रजीत लिहिलं तर दोहोंत एका अक्षराचा फरक, आणि घाईत लिहिलं तर तोही नाही.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून नागपूरकडे येणारी लोहमार्गाची वाट, जी १८६७ साली नागपूरपर्यंत पोचली, ती भुसावळ, शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा अशी येते. म्हणजे मुंबईकडून येणाऱ्या पत्राला खरं गाव लागण्याआधी सुमारे २०० किलोमीटर हे दुसरं गाव लागतं. धावत्या गाडीत दिव्याच्या उजेडात पत्रं लावणाऱ्या सॉर्टरनं ती शेगावच्या थैलीत टाकली, तर त्याची काय चूक? त्याच्या लेखी शेगाव हे शेगावच. कलकत्त्याकडून येणाऱ्या पत्राला मात्र वर्धा आधी लागतं. एकाच पत्त्याचा अर्थ तुम्ही कोणत्या दिशेनं येता यावर ठरायला लागला, की तो पत्ता पत्ता उरत नाही.

शेवटी १९४० साली सेगावचं नाव बदलून सेवाग्राम करण्यात आलं. आपण मुलांना शिकवतो की सेवेचं गाव म्हणून सेवाग्राम. ते खरंच आहे. पण त्या सुंदर नावाच्या पोटात टपालाची ही साधी अडचण होती, हे पुस्तकात क्वचितच येतं.

याच काळातली दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. गांधीजींना आलेली काही पाकिटं जपून ठेवली आहेत. त्यांतल्या एकावर पत्ता म्हणून एवढंच आहे, की महात्मा गांधी, जिथे असतील तिथे. गाव नाही, जिल्हा नाही. तरी पत्र पोचलं! कारण गांधीजी आज वर्ध्याला की दिल्लीला, हे वर्तमानपत्रातून सगळ्यांना ठाऊक असे. टपालातल्या माणसांनी त्या दिवशीच्या माहितीवर त्या दिवशीची वाट ठरवली. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, याला आमच्यात डायनॅमिक राउटिंग म्हणतात!"

मग त्यानं मला त्याचा धडा दिला. दोन प्रकार असतात म्हणे. एकात माणूस प्रत्येक राउटरवर बसून लिहून ठेवतो, की आर्वीचं सगळं या तारेवरून पाठव. वाट पक्की. पण आर्वीच्या रस्त्यावर जेसीबीनं केबल उखडली, तर राउटर बिचारा त्याच तुटक्या वाटेवर निरोप ढकलत राहतो. दुसऱ्या प्रकारात राउटर शेजाऱ्यांशी बोलतात, कोणती वाट चालू, कोणती बंद ते एकमेकांना कळवतात आणि स्वतःच नवी वाट धरतात.

या बोलण्याच्याही दोन तऱ्हा. जुनी तऱ्हा ऐकीव माहितीची. आरआयपी नावाची पद्धत अशी आहे. तिचे नियम १९८८ साली छापले गेले. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला सांगतो, की अमुक गाव माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे. शेजारी त्यात एक मिळवून पुढे सांगतो. गावातल्या बातमीसारखंच हे. त्यामुळे गावातल्या बातमीचा रोगही तिला आहे. आर्वीची वाट तुटली, तरी वर्धा म्हणतो हिंगणघाटकडून जाता येतं, हिंगणघाट म्हणतो वर्ध्याकडून, आणि आकडा एकेक वाढत राहतो. शेवटी १६ झाले की समजायचं, तिकडे वाटच नाही! अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यातही आधी अशीच ऐकीव पद्धत होती. अडचणी आल्या म्हणून दहाएक वर्षांत ती बदलावी लागली.

दुसरी तऱ्हा नकाशाची. प्रत्येक राउटर फक्त आपल्या दारातल्या वाटांची खरी माहिती सगळ्यांना कळवतो. त्यावरून प्रत्येकाकडे सारखाच नकाशा तयार होतो, आणि मग डाइक्स्ट्रा नावाच्या डच गणित्यानं १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीनं प्रत्येक जण सगळ्यात स्वस्त वाट काढतो. या पद्धतीचं नाव ओएसपीएफ. विद्यार्थ्यानं हीच निवडली होती, आणि कारणही नीट सांगितलं. वर्धा ते हिंगणघाट आणि वर्धा ते आर्वी या दोन चांगल्या केबली आहेत. आर्वी ते हिंगणघाट मात्र मोबाइलच्या सिमवरची लाइन, मंद आणि महाग. नुसते टप्पे मोजले तर आर्वीहून हिंगणघाटला एकच टप्पा, म्हणून राउटर मंद वाटच धरणार. त्याऐवजी त्यानं चांगल्या केबलीला १० आणि मोबाइलच्या लाइनला १०० असं मोल लावलं. वर्ध्यावरून गेलं तर २०, सरळ गेलं तर १००. म्हणून रोजचं काम वर्ध्यावरून. आणि आर्वीची केबल तुटली, तर आर्वीचा निरोप हिंगणघाटच्या वळशानं ११० मोजून का होईना, वर्ध्याला पोचणार. कुणाला फोन करायला नको. शिवाय राउटरांना परवलीचा शब्द दिलेला. तो जुळला नाही तर शेजाऱ्याचंसुद्धा ऐकायचं नाही.

मी म्हटलं, "उत्तम! पण दोन शेगावांचं काय करणार?"

"तेच विचारायला आलो सर. आर्वीची शाखा लहान आहे, तिचेच नंबर बदलतो. पण तिथले लोक कुरकुरतात. म्हणतात, दर वेळी आम्हीच का?"

या प्रश्नानं मी जरा गप्प झालो. सेगावच्या वेळीही बदलायचं कुणी, तर लहान गावानं. मोठ्या शेगावला कोण हात लावणार? देशाच्या सोयीसाठी एका खेड्यानं आपलं पिढ्यान् पिढ्यांचं नाव सोडलं. बदल्यात थोर नाव मिळालं, हे खरं. पण रोज तोंडात बसलेलं नाव सोडताना तिथल्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल, असं मनात येतंच.

मग मला वेलणकर आठवले. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतात लेखन करणारे विद्वान. एकाच नावाची गावं देशभर पसरलेली, त्यात भाषा नि लिप्या अनेक. त्यांनी कुणालाही नाव बदलायला लावलं नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून सगळ्यांनाच सहा आकडी पिनकोड दिला. सेवाग्राम ४४२१०२, शेगाव ४४४२०३. पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग, दुसऱ्यावरून उपविभाग, तिसऱ्यावरून वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटच्या तीन आकड्यांत टपाल कचेरी. दूरच्या सॉर्टरला पहिले दोन-तीन आकडे वाचले की पुरे. बाकीचं जवळचा बघेल. गंमत म्हणजे शेगाव सरकारदरबारी बुलढाणा जिल्ह्यात, पण त्याचा पिन अकोल्याच्या ४४४ च्या माळेतला, आणि बुलढाणा शहर मात्र ४४३ मध्ये. कारण पिन हा कलेक्टरच्या नकाशावरून चालत नाही, टपालाच्या वाटेवरून चालतो.

मी विद्यार्थ्याला म्हटलं, "तू १९४० चा उपाय करतो आहेस, १९७२ चा कर. एकट्या आर्वीला बदलायला लावू नको. तिघांनाही नवे नंबर दे."

त्यानं लगेच कागद ओढला. वर्धा १०.१, हिंगणघाट १०.२, आर्वी १०.३. पुढचे आकडे ज्याचे त्यानं लावावेत. वर्ध्याच्या राउटरला आर्वीतल्या एकेका मशीनची यादी नको, १०.३ दिसलं की आर्वीकडे, बस्स. उद्या पुलगावला शाखा निघाली तर १०.४ तयारच! आणि लोकांनी मशीनला हाक मारायची ती जुन्या नावानंच. आर्वीचा प्रिंटर हा आर्वीचा प्रिंटरच राहणार.

"काम तिप्पट वाढवलं सर तुम्ही," असं म्हणत तो उठला, पण हसत होता. जाताना दारातून म्हणाला, आर्वीला आधी स्वतः जाऊन बसतो त्यांच्यासोबत, फोनवर नाही सांगत.

असो. वाट रोज बदलली तरी चालते, ती बदलायलाच हवी. पत्ता मात्र ज्याचा त्याचा, एकट्याचा असावा लागतो. आणि तो नीट करण्याची तोशीस एकट्या लहानावर पडू नये, एवढंच मला त्या त्रिकोणावरून समजलं.